देवघरातले मोटारीचे कातडे

जानेफळच्या भगवंतराव देशमुखांनी १९३७ साली मोटार घेतली, तेव्हा तिच्याबरोबर मुंबईहून एक पिवळट, मऊ कातडे आले. मेंढीचे, माशाच्या तेलात मुरवून कमावलेले. धुतलेल्या मोटारीवरून फिरवले की पाण्याचा थेंब राहत नसे. हे काम ड्रायव्हर इंद्रभानचे. तो मासमच्छी न शिवणाऱ्या घरातला. ओले कातडे त्याला मेलेल्या वासराच्या जिभेसारखे लागे. पिळताना तो तोंड फिरवी, नंतर राखेने कोपरापर्यंत हात घाशी आणि तरी जेवताना बोटे हुंगी. पण देशमुखांकडे दोन वेळचे जेवण आणि गोठ्याशेजारी खोली होती.

एके सकाळी दोरीवर वाळत घातलेले कातडे दिसेना. भगवंतरावांच्या आई सोजराबाई देवघरात त्याने चांदीचा बाळकृष्ण पुशीत होत्या. लोकर सोवळ्यात चालते, आणि त्यांना हे विलायती लोकरीचे फडके वाटले होते.

“काऊन रे, असं फडकं मोटारीवर नासवून राह्यला? पाह्य, देव कसा चमकते!”

इंद्रभान तसाच मागे वळला. तो मालकाकडे गेला. भगवंतराव दाढी करत होते.

“मालक, आईले सांगा. ते कातडं हाय.”

“मले माहीत नाही काय? गप राह्य बे. आईले समजलं तं मोटार दारात उभी राहू देणार नाही ते. मोटार गेली तं तुले इथं काय काम हाय?”

इंद्रभान मोटारीकडे परतला. पंधरा दिवस सोजराबाई त्याच देवाचे तीर्थ सगळ्यांच्या हातावर घालत होत्या. इंद्रभान पिण्याचे सोंग करी आणि हात धोतराला पुशी. भगवंतराव डोळे मिटून पीत, ओला तळवा डोक्यावरून फिरवीत.

एकादशीला सोजराबाईंनी फडके धुवायला कढत पाण्यात टाकले. ते आखडले, बुळबुळीत झाले, आणि सडक्या मासळीचा वास चुलीपर्यंत पोचला. त्यांनी ते उजेडात धरले, सुरकुत्या पाहिल्या आणि अंगणात जाऊन ओकल्या.

“कातडं? माह्या देवाले कातडं?”

“याच्याच हातातलं हाय ते,” भगवंतराव इंद्रभानकडे बोट दाखवून लगेच म्हणाले. “यानं सांगाले नको? मले काय ठाऊक, मी काय मोटार पुसतो?”

इंद्रभानने गोमूत्र प्यावे आणि यापुढे गोठ्यात जेवावे, असे ठरले. पेला भगवंतरावांनीच पुढे केला.

“आई, मी तीर्थाचा एक घोट पेलो नाही,” इंद्रभान म्हणाला. “ज्यानं माहीत असून पेलं, त्याले द्या हे.”

सोजराबाईंनी मुलाकडे पाहिले. भगवंतराव खाली बघत होते. सोजराबाईंना कळायचे ते कळले.

“खरं असन तुहं,” त्या म्हणाल्या. “पण पोरगं माहं हाय. तू जाय.”

इंद्रभान वळकटी घेऊन डोणगावच्या वाटेला लागला. कोसभर गेल्यावर देशमुखांचा गडी धापा टाकत मागून आला. मालकांना दुपारी मेहकरला जायचे होते आणि मोटार दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हती. तेवढे पोचवून मग जा, असा निरोप होता.

इंद्रभानने तो पुरता ऐकूनही घेतला नाही; तो डोणगावकडे चालत राहिला.