गुलाबी बाटली

आमच्या सातपूरच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरच्या मिशा इतक्या झुपकेदार आहेत की त्यांच्यासमोर सुपरवायझरसुद्धा आवाज खाली आणतो. अशा या माणसाला शनिवारी सुट्टी झाली की फळांच्या चवीची, फसफसणारी, गुलाबी स्वस्त दारू लागते. "पोरींची दारू!" म्हणून सगळे चिडवतात. ते मिशीवरचा फेस पुसत म्हणतात, "गोड हाय, गार हाय, अजून काय पाहिजे?" आणि प्यायच्या आधी बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडतात, अगदी देशी असल्यासारखे.

मलाही तीच आवडते. पण वाइन शॉपमधून लोक व्हिस्की मिरवत नेतात आणि ही मात्र "मिसेससाठी" म्हणत कागदात गुंडाळून घेतात. मीही तसंच करायचो.

परवा काउंटरवर मी हळूच म्हणालो, "एक गुलाबी द्या. मिसेससाठी."

मागून आमच्या वेल्डरचा ओळखीचा आवाज गडगडला, "अरे! लग्न उरकलं आणि आम्हाला जेवण नाय?"

अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. माझं लग्न अजून ठरलेलंही नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. माझे कान तापले. ते पुढे आले आणि दुकानदाराला दणदणीत आवाजात म्हणाले, "दोन गुलाबी द्या, थंडगार. कागद नको."

बाहेर येऊन त्यांनी एक बाटली माझ्या हातात ठेवली.

"घे. सूनबाई येईपर्यंत तिच्या वाटची तूच पी."