हॅम्बुर्गला पोचलेली सुकेळी

अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि मागच्या बाकावरची मुलं कंपासपेटीवर ताल धरायची. तो आवाज अजून कानात आहे. त्याच्यासाठीच हॅम्बुर्गच्या विद्यापीठाने मला, चंदनसारच्या एका निवृत्त मास्तरला, बोलावलं. कवितांच्या जुन्या चाली म्हणायच्या, ते ध्वनिमुद्रण करणार. तिकीट त्यांचं, खोली त्यांची. मी हवेतच होतो.

निघण्याआधी गिरीजच्या फिलूबायचा निरोप आला, म्हणून तिच्या वाडीत गेलो. तिचा मुलगा अँथनी तिकडे हॅम्बुर्गच्याच बंदरावर कामाला, माझाच विद्यार्थी. तिने सुकेळ्यांची पुडी हातात दिली; राजेळी केळी उन्हात वाळवून स्वतः केलेली.

"सर, एवढं त्याला द्या. गुडघे गेले माझे. पुढच्या वर्षी व्हायची नाहीत."

पहिल्या दिवशी काम झकास झालं. चहाच्या वेळी मात्र टेबलावर प्रत्येकाने घरचं काही मांडलेलं. प्राध्यापकबाईंनी स्वच्छ मराठीत विचारलं, "सर, तुमच्याकडचं काय?" मी रिकामा आलो होतो. पिशवीत फक्त ती पुडी. हात आपोआप आत गेला.

"घरी केलेली?"

"हो, घरचीच."

टाळ्या पडल्या. पुडी संपली. एक मीही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी अँथनी सुट्टी काढून आला. जाणाऱ्यांना सांगतो, दिवसभराचं साधं तिकीट काढा, नदीवरची फेरीबोटही त्यावर चालते. पर्यटकांच्या बोटीला जादा पैसे देऊ नका. एल्ब नदीखालच्या जुन्या बोगद्यातून चालायला तर काहीच पडत नाही. त्या बोगद्यात अँथनी एकदम थांबला आणि भिंतीच्या फरशीवर ताल धरून माझी चाल म्हणू लागला. येणारे-जाणारे हसत होते. मला मान वर करवेना.

वर आल्यावर त्याने मासळीचा पाव घेतला, मला खिशात हात घालू दिला नाही. मग म्हणाला, "मम्मीने काहीतरी दिलंय ना, सर?"

"विमानतळावर काढून घेतली रे."

"जाऊ द्या, सर, तुम्ही काय करणार!" उलट त्यानेच माझ्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने नदीकडे बघत विचारलं, "वास तरी आला होता का? या वर्षी कशी झालेली?"

मधासारखी झाली होती. दाताला जरा चिकटणारी. मला नेमकं सांगता आलं असतं.

"पुडी बंद होती," मी म्हटलं.

घरी येऊन आठवडा झाला. लाल विटांची गोदामं, नदीवरचं धुकं, सगळं सुंदर होतं, जरूर जा. माझ्याजवळ मात्र चहाच्या वेळच्या त्या टाळ्याच उरल्या. गिरीजला अजून गेलेलो नाही.

एवढं लिहितोय तोच बेल वाजली. दारात फिलूबाय! लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले चढून, भिंतीला धरून उभी.

"अँथनीचा फोन आलेला. मेल्यांनी काढून घेतली म्हणे! तो म्हणाला, सर फार मनाला लावून बसलेत." धापा टाकत तिने लहानशी पुडी पुढे केली. "घरात थोडी ठेवलेली. तुम्ही तरी खा."

मी हात पुढे केला नाही.

"आधी आत येऊन बसा, फिलूबाय. माझं ऐकून घ्या. मग ठरवा, द्यायची का ते."