आतल्या गेटाचा पास

मी एसी दुरुस्त करणारा माणूस. एका सरकारी संस्थेच्या कुंपणाबाहेरच्या वर्कशॉपात माझी वीस वर्षं गेली. संस्थेचं नाव लिहीत नाही. आत काय चालतं ते मलाही ठाऊक नाही. यंदा ठेकेदाराने मला आतल्या विभागाचा सुपरवायझर करायचं ठरवलं. त्यासाठी आतल्या गेटाचा पास हवा, आणि पासासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. पास नाही मिळाला तर दुसरा माणूस बघू, हेही त्याने गोड बोलून सांगितलं.

फॉर्मात एक रकाना होता: थकीत कर्ज आहे काय? मी झोकात लिहिलं, 'नाही'.

खरं म्हणजे दोन क्रेडिट कार्डं थकली होती. पहिल्याचं बिल भरायला दुसरं घेतलं, ही कल्पना माझीच. त्यातली हुशारी बायकोला तासभर समजावूनही सांगितली होती. पुढे वसुलीवाले मनवेलपाड्यात घरापर्यंत यायला लागले, तेव्हा मी समोरच्या काकूंना पढवून ठेवलं, की कोणी अनोळखी माणूस चौकशी करत आला तर सांगा, खोली सोडून गेले. काकू खाडीकाठच्या गावातल्या, सरळ स्वभावाच्या. सुरुवातीला अडखळायच्या. मग जीभ सरावली.

फॉर्म दिल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराशी. आणि चौकशीला माणूस आला नेमका मी कामावर असताना.

"आज एक आलेला," संध्याकाळी काकूंनी दारातच सांगितलं. "साध्या कपड्यात. मी सांगितलं, ते कवाच गेले. नवीन पत्ता मागत व्हता. म्हटलं, देनेकरी मानूस पत्ता ठेवून जातो काय?"

"हातात काय होतं काकू?"

"फाईल. आनि पायात लाल बूट."

साध्या कपड्यातला पोलीसही लाल बूट सोडत नाही, ते मला माहीत होतं. मी पायरीवरच बसलो.

बायको म्हणाली, "आता चौकीत जाऊन सगळं खरं सांगा."

"सगळं?"

"दुसऱ्या कार्डाची अक्कल कोणाची, ते नाही सांगितलं तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी काकूंना रिक्षात घालून चौकीत गेलो. हवालदारांनी फाईल उघडली. "शेजारीण म्हणते तुम्ही तिथे राहत नाही."

"यांनीच शिकवलेलं," काकूंनी लगेच अंग काढून घेतलं.

मग मी दोन्ही कार्डं कबूल केली. हवालदार वैतागले नाहीत, उलट खुर्ची मागे टेकवून निवांत बसले. "कर्ज कोणाला नाही? पण लपवलेलं कर्ज वाईट. उद्या कोणी म्हणेल, तुझं बिंग फोडतो, नाहीतर आतलं काय ते सांग. मग?"

"पण साहेब, मला आतलं काहीच माहीत नाही."

"अजून पास मिळालेला नाही, म्हणून."

मी संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या नावे दुरुस्तीचा अर्ज लिहिला. तीनदा खाडाखोड झाली. 'नाही' लिहिताना एकदाही झाली नव्हती. काकूंचाही जबाब झाला: "मानूस चांगला हाय. आमचा पंखा फुकट नीट करून देतो. वसुलीवाल्यांना घाबरतो, पन पळून जात नाय. हितंच लपतो."

हवालदारांनी तो जबाब एकही शब्द न बदलता उतरवला आणि खाली काकूंची सही घेतली. फाईल वर गेली.

त्याला आता दोन महिने झाले. सुरक्षा कार्यालयाचा फोन कुठल्या नंबरावरून येईल सांगता येत नाही, त्यामुळे अनोळखी नंबर दिसला की मी पहिल्या रिंगला उचलतो. अंगाला साबण असला तरी उचलतो. निघतात बहुतेक वसुलीवालेच. मी स्वतः बोलतोय यावर त्यांचा विश्वास बसत नाही. परवा एक मुलगी माझी जन्मतारीख दोनदा विचारून मग चाचरत म्हणाली, "सर, हप्ता बांधून देऊ का?"

"द्या," मी म्हटलं, "पण जरा लवकर आटपा. माझा एक महत्त्वाचा फोन यायचाय."