मांडीवर न टेकवता शंभर किलो

दोन लाल, एक पांढरा. समोर आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या तीन पंचांनी आपापल्या दिव्यांची बटणं दाबली आणि माझी लिफ्ट रद्द झाली. सलग दुसऱ्यांदा. पंचाण्णव किलोचा बार जमिनीवरून उचलून मी ताठ उभी राहिले होते, हॉलमध्ये टाळ्यासुद्धा पडल्या होत्या, आणि पंचांच्या मते मी काही उचललंच नव्हतं.

"अवं, आंधळं हाईसा काय?" प्रेक्षकांतून माझी आई उठली. "उचललं की तिनं! समद्यांनी बघितलं!"

एका कार्यकर्त्याने तिला हाताला धरून खाली बसवलं. ती बसली, पण गप्प बसली नाही.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. हुबळीच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये राज्य पातळीवरची पॉवरलिफ्टिंग स्पर्धा चालली होती आणि मी बायकांच्या सगळ्यांत हलक्या गटात होते, चव्वेचाळीस किलोच्या आतल्या. पॉवरलिफ्टिंग म्हटलं की लोक अजून दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवतात. ते वेटलिफ्टिंग. आमच्यात डोक्यावर काही जात नाही. बार खांद्यावर घेऊन खाली बसायचं आणि उठायचं, तो स्क्वॉट. बाकावर उताणं झोपून बार छातीला लावून वर ढकलायचा, तो बेंच प्रेस. आणि जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरून ताठ उभं राहायचं, तो डेडलिफ्ट. प्रत्येक प्रकाराला तीन संधी. तिन्ही प्रकारांतलं आपलं सगळ्यांत चांगलं वजन घेऊन बेरीज करतात, तिला टोटल म्हणतात. पण एका प्रकारात तिन्ही संधी गेल्या तर टोटलच धरत नाहीत. सकाळपासून गाळलेला घाम पाण्यात.

डेडलिफ्टमधल्या माझ्या दोन संधी गेल्या होत्या. आणि त्या टोटलवर माझी नोकरी टांगलेली होती.

बेळगावच्या दक्षिणेकडच्या रामनगर गावात एका हायस्कूलात मी पीटी टीचर होते, पण टेंपररी. त्या वर्षी शाळेत पीटीची कायम जागा भरायची होती. कमिटीचे चेअरमन म्हणजे गावातले राईस मिलवाले. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांनी मला ऑफिसात बोलावून गोड आवाजात सांगितलं, "बाई, तुमी वाईट न्हाई वो. पण पीटीला गडीच पायजे. अंग पायजे, आवाज पायजे. तुमी नववीच्या पोरांत हुबं ऱ्हायला की सापडत न्हाईसा."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. माझी उंची पाच फुटांच्या बरीच खाली, वजन साडेएकेचाळीस. पण आवाजाबद्दल ते चुकत होते. मी शिट्टी न वाजवता मैदानाच्या त्या टोकाची कबड्डी थांबवायचे.

हेडमास्तर शिरसीकडचे, कानडी माणूस, मराठी जपून बोलायचे. ते म्हणाले, "अण्णा, बाई राज्य स्पर्धेला जातायत. मेडल आणू दे. मग ठरवू."

"आणू दे की. बघू," अण्णा म्हणाले. आमच्या भागात 'बघू' म्हणजे नाही. तरीही मी ते 'बघू' घट्ट धरून ठेवलं. दुसरं हाताशी होतंच काय?

तयारी मी शाळेच्या मागच्या अंगणात केली. रामनगरात ट्रकची गॅरेजं हवी तेवढी, जिम एकही नाही. एका गॅरेजवाल्याने लोखंडी रॉडच्या दोन टोकांना ट्रकचे ब्रेक ड्रम अडकवून दिले. तोच माझा बार. अधूनमधून मी बेळगावला जायचे. तिथे पीटी टीचरच्या ट्रेनिंगमध्ये देसाई सरांनी मला हा खेळ शिकवला होता. बाकीचे दिवस मी एकटीच. चूक दाखवायला कोणी नाही.

आणि चूक तर लहानपणापासून अंगात मुरलेली होती.

आमचं घर कुंभारवाडा या खेड्याकडचं. सुगीत भाताची पोती बैलगाडीत चढवायची असली की आमच्यातल्या बायका गड्यांची वाट बघत बसत नाहीत. पोतं जमिनीवरून गुडघ्याच्या वर आणायचं, क्षणभर मांडीवर टेकवायचं, गुडघे थोडे वाकवून खालून धक्का द्यायचा आणि तसंच गाडीत सारायचं. हे मला आईने शिकवलं. तिला तिच्या आईने. डेडलिफ्टमध्ये नेमकं हेच चालत नाही. बार मांडीला घासत वर गेला तर चालतं, पण मांडीवर टेकवून पुन्हा गुडघे वाकवले की पंचांचा लाल दिवा. वजन हलकं असलं की माझं असं काही व्हायचं नाही. भारी झालं की पाय आपोआप आईचं ऐकायचे.

दुसरा लाल दिवा लागल्यावर देसाई सर मला बाजूला घेऊन गेले. आईपण तिथे आली.

"परत मांडी दिलीस," सर म्हणाले.

"मग? मांडी द्येवानं कशाला दिलीया?" आई म्हणाली. "आमी समदी आसंच उचलताव. त्यास्नी सांगा की वो, सर."

"मावशी, त्यांना नाही सांगता येत. हिलाच सांगायचंय." सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या डोक्यात अजून बैलगाडी उभी आहे. इथे गाडी नाही. बार कुठेच टाकायचा नाही. उभी राहिलीस की संपलं."

इतकं साधं होतं. पोतं पुढे न्यायचं असतं म्हणून मांडी लागते. बार पुढे जातच नाही. मला लाज वाटली आणि हसूही आलं. ट्रकच्या ड्रमांशी इतके महिने झटत होते आणि हे एकदाही मनात आलं नव्हतं.

आता वजन ठरवायचं होतं. एकदा मागितलेलं वजन कमी करता येत नाही. तेच ठेवता येतं किंवा वाढवता येतं.

"पंचाण्णवच ठेव," सर म्हणाले. "स्वच्छ उचललंस तर तिसरी. मेडल मिळालं."

"गटात आम्ही चौघीच आहोत, सर. अण्णा पहिलं विचारतील, किती जणी होत्या? चौघींत तिसरी म्हटलं की हसतील आणि विषय संपवतील."

"मग किती?"

"शंभर."

सरांनी मनातल्या मनात बेरीज केली. शंभर झाले तर माझी टोटल पहिल्या नंबरावर असलेल्या बेंगळुरूच्या मुलीबरोबर येत होती. आणि बरोबरी झाली की जिचं स्वतःचं वजन कमी, ती जिंकते, असा नियम आहे. ती मुलगी जेमतेम चव्वेचाळीसच्या आत बसली होती. मी तिच्यापुढे पाखरू. सकाळी वजन करणाऱ्या बाईंनी तर मला स्पर्धकच मानलं नव्हतं. "निम्म अक्का यल्ली?" म्हणजे तुझी थोरली बहीण कुठाय, असं विचारलं होतं. जन्मभर ज्या अंगावरून टोमणे खाल्ले, ते अंग पहिल्यांदा माझ्या बाजूने उभं राहिलं होतं.

"पडलीस तर काहीच नाही. टोटलपण नाही," सर म्हणाले.

"पंचाण्णवला ताकद कमी पडली नव्हती, सर. पद्धत चुकली होती."

ते टेबलाशी गेले आणि शंभर सांगून आले.

बारवर प्लेटी चढल्या. मी हाताला खडू लावला आणि वाकले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. हरण्याची नव्हे, पायांची. गाडी नाही, गाडी नाही, असं पुटपुटत मी ओढलं. बार जमीन सोडीना. मग सुटला. गुडघ्यापाशी येऊन जड झाला आणि मांडीचे स्नायू सवयीने पुढे सरसावले. मी दात आवळून गुडघे ताठ केले आणि कंबर पुढे दिली. बार मांडीला घासत वर आला. उभी राहिले. खांदे मागे. आता मुख्य पंच 'डाऊन' म्हणेपर्यंत थांबायचं असतं. तो माणूस एवढा वेळ का घेत होता देव जाणे.

"डाऊन!"

तीन पांढरे.

आई रडत होती आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "मीच शिकिवलंय तिला उचलायला." अर्धं खरंच होतं ते.

चार दिवसांनी अण्णांनी ऑफिसात बोलावलं. हेडमास्तरही होते. मी मेडल टेबलावर ठेवलं. अण्णांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"सोन्याचं?"

"सोनेरी आहे."

"किती जणी हुत्या?"

"चार."

"चारच!" त्यांनी मेडल माझ्याकडे सरकवलं. एवढं करून आपण होतो तिथेच.

हेडमास्तर घाईने म्हणाले, "अण्णा, बाईनी शंभर किलो उचललं."

अण्णांचा हात थांबला. "शंभर किलो? म्हंजे क्विंटल?"

"हो."

"पाठीवर कुनी चढवून दिलं आसंल."

"नाही. जमिनीवरनं. एकटीनं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला काही फार वेळ लागत नाही. मग खुर्चीत मागे रेलले. "माझ्या मिलात क्विंटलचं पोतं आलं की दोन गडी लागत्यात. आन उचलल्यावर च्या मागत्यात." मग हेडमास्तरांना म्हणाले, "बाईंचं पक्कं करून टाका. पोरं न्हाई ऐकली तर उचलून भायेर ठेवतील."

मी बाहेर आले आणि मैदानावर जाऊन मोठ्याने हसले. नववीची पोरं घाबरून रांगेत उभी राहिली.

त्या शाळेतूनच मी रिटायर झाले. पुढेही मेडलं मिळाली, पण नोकरी मला मेडलने दिली नाही, क्विंटलने दिली. आपण काय केलं ते सांगायचं असेल, तर समोरचा माणूस ज्या मापाने धंदा करतो त्या मापात सांगावं.