भरतीच्या वेळी

देवासच्या हिंदी शाळेत तात्या फडणीसांनी तीस वर्षं भूगोल शिकवला, पण समुद्र पाहिला तो निवृत्तीनंतर, मुलगा-सुनेबरोबर मुरुडला गेले तेव्हा. आठ महिन्यांची नात श्रिया त्यांच्या कडेवर होती.

"तात्या, तिला पाण्याजवळ नेऊ नका, भरती सुरू आहे," सून ऋजुता म्हणाली.

"भरती मला शिकवतेस?" तात्या हसले.

ती शहाळी आणायला वळताच त्यांनी फोटोसाठी श्रियाला ओल्या वाळूवर बसवलं आणि मोबाईल धरून मागे सरकले. तेवढ्यात लाट आली आणि बाळाच्या अंगावरून गेली. तात्या जागीच थिजले. जाळं आवरणाऱ्या एका कोळणीनं धावत जाऊन पोरीला उचललं, पालथं धरून पाठ थोपटली. श्रिया खोकली, मग रडली.

"काय झालं?" ऋजुतानं येऊन विचारलं.

"जरा पाय भिजले," तात्या म्हणाले. कोळीण त्यांच्याकडे बघत राहिली.

देवासला परतल्यावर आठवडाभर ते श्रियाला घेईनात. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी ऋजुताला सगळं सांगितलं.

"तिचे केससुद्धा ओले होते, तात्या," ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगताय, याचीच वाट बघत होते."

तिनं श्रियाला त्यांच्या हातात दिलं. तात्यांना मान वर करवली नाही.