लोणच्याचा नियम

सोमवारी बोंबील सुकवायची बांबूची वलांडी सोडवताना इनास मामाच्या पायात खिळा घुसला.

मामा पाचूबंदरचा. त्याच्या माशाच्या लोणच्याला गावात मान होता. सुरमईच्या तुकड्यांना मीठ-हळद लावून तळायचे आणि लसूण, मोहरी, सिरक्यात घालून बरणी भरायची. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. ओला चमचा घेऊन बरणीकडे निघालेल्या पाहुण्याला तो अर्ध्या वाटेवरून परत पाठवी. नाताळला मला एक बाटली मिळे, कोरड्या चमच्यासकट.

लोणचं वर्षभर टिकायचं. त्यावरून मामाची खात्री झाली होती की हळद, लसूण आणि सिरक्यापुढे जगातला कुठलाच जंतू उभा राहत नाही. दाढेला लवंग, घशाला सिरक्याच्या गुळण्या, तांदळाच्या डब्यात कडुनिंब. इथवर आम्हीही त्याचं ऐकत असू. करोनात त्याने मोबाइलसुद्धा हळदीच्या पाण्याने धुतला.

“फोन बंद पडला,” रेजिना मामी म्हणाली.

“त्याच्यासंगती विषानूबी गेला ना?”

खिळ्याची जखम मात्र त्याने धुतली नाही. पाणी लागलं की बुरशी येते, हा लोणच्याचा नियम त्याने पायालाही लावला. जखमेत हळद आणि ठेचलेला लसूण भरला, वर सिरक्याची पट्टी बांधली. मधुमेहामुळे पायाला फारसं काही जाणवत नव्हतं. दुखत नाही म्हणजे गुण आला, असं तो म्हणे. बघायला आलेले लोक पाय बघत आणि जाताना औषधाचं प्रमाण विचारून घेत.

बोटं काळी पडल्यावर मामीने रिक्षा बोलावली. मीही बरोबर गेलो. माणिकपूरच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“हळदीने, सिरक्याने जंतू थांबतात, मामा. पण लोणच्यातला मासा मेलेला असतो. तुमच्या पायात रक्त फिरतंय, आणि जंतू आत खोल गेलेत. आजच अ‍ॅडमिट व्हा.”

“बाय, तुमच्या घरात लोणचा बाजारातून आनतात काय?”

“हो.”

“तरीच.”

तो घरी आला आणि पट्टीचा सिरका बदलला. मामीने त्याच्याशी बोलणं सोडलं. त्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी ताप चढून तो बरळायला लागला, तेव्हा आम्ही त्याला उचलून इस्पितळात नेलं. नर्सने जखम धुवायला घेतली, तेवढ्यापुरता तो शुद्धीवर आला.

“पानी लावला,” तो मामीला म्हणाला. “आता काय टिकनार.”

पाय कापला, पण तोवर विष रक्तात पसरलं होतं. मामा गेला.

दफनानंतर घरी आलेल्या एका शेजाऱ्याने मामीला हळूच विचारलं, “मामा जखमेत लसून किती घालायचा गो?”

“माणिकपूरला दवाखाना हाय,” मामी म्हणाली. “तिकडं जाऊन इचार.”

मामी आता त्या घरात एकटी राहते. हाताला, पायाला काही लागलं की ती नळाखाली साबणाने धुते आणि दवाखान्यात जाते.