मालूताईचं नख

आधीच सांगून टाकते – मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. कधीच नव्हते. आमच्या धारला किल्ल्याच्या बाजूला अमुक दिसतं, तमक्या विहिरीपाशी दिवेलागणीनंतर जाऊ नये, असलं लहानपणी पुष्कळ ऐकलं आणि मुद्दाम त्याच विहिरीच्या काठावर बसून बोरं खाल्ली. तेव्हा हे वाचून मला कुणी घराची शांत करा, लिंबू ओवाळा असले सल्ले देऊ नयेत. ते सगळे देऊन झालेत. आणि मधूनमधून हिंदी शिरेल, तेवढं चालवून घ्या... सगळा जन्म माळव्यात गेला, शाळाही हिंदीच.

मी मेंडोलीन वाजवते. कुणी शिकवलं नाही. आजोबा संस्थानच्या बँडात होते, ते घरी दुपारचे जुन्या गती, म्हणजे वाद्यावर वाजवायच्या बंदिशी, वाजवत बसायचे, त्या ऐकून ऐकून हात बसला. नोटेशन मला आजही वाचता येत नाही आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

आमची बैठक देवासला, मालूताईकडे. टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं घर, वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, एका बाजूला खिडक्या, खाली जाजम. रविवारी जेवणं आटोपली की आम्ही जमायचो. माइक नाही, श्रोते नाहीत, हारतुरे नाहीत. मालूताईचा दिलरुबा, माझं मेंडोलीन, शालनचं व्हायोलिन आणि कैलास भियांचा तंबूरा – बस, चौघंच. कैलास भिया माळवी माणूस, हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, निर्गुणी भजनं गातात. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र त्यांच्या बोलीत नाहीतर हिंदीत. आणि आम्ही वाजवायचो काय, तर घराघरांतून कानानंच पुढे आलेल्या जुन्या गती. रेडिओवर नाहीत, मोबाइलवर नाहीत. आम्ही थांबलो की त्या गेल्या. म्हणून ही बैठक मोडू द्यायची नाही, हे आमचं सगळ्यांचं ठरलेलं.

दिलरुबा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तो गजानं वाजवतात, आणि त्याच्या मुख्य तारांच्या बाजूनं पुष्कळशा बारीक तारा असतात – तरफा. त्या कुणी वाजवत नाही, दुसऱ्या सुराबरोबर आपसूक गुंजतात. पण मालूताई त्या वाजवायची! कुणी चुकलं की गज थांबवून त्या सगळ्या तरफांवरून सर्रकन नख फिरवायची. खर्रर्र! झालं. याचा अर्थ – थांबा, चुकलात, पहिल्यापासून घ्या. कोण चुकलं, काय चुकलं, काही बोलायचं नाही. आम्ही मुकाट्यानं मुखड्यावर. इतकी वर्षं हेच, त्यामुळे तो आवाज आला की डोकं विचारच करायचं नाही, हातच आपले मागे जायचे.

आणि ते नख सगळ्यात जास्त कुणासाठी फिरायचं? माझ्यासाठी. देस रागातली एक गत आहे. आमच्या धारच्या घरात ती एका जागी पंचमावर क्षणभर टेकते आणि मग खाली उतरते. मालूताईच्या देवासच्या घरात ती टेकत नाही, सरळ उतरते. मी टेकले की खर्रर्र!

"सुमे, पंचम म्हणजे काय बाकडं आहे का गं, बूड टेकायला?"

"आणि तुझी गत म्हणजे काय पीथमपुरच्या कारखान्याची शिफ्टची बस आहे, वाटेत न थांबता पळायला?"

"आमच्याकडे देवासच्या धाकट्या पातीच्या राजांच्या दरबारात अशीच वाजायची."

"मग दरबारातच चुकत होती!"

कैलास भिया हसून हसून तंबूरा खाली ठेवायचे. ती गत आमची शेवटपर्यंत कधी गेलीच नाही. तिनं सोडलं नाही, मी सोडलं नाही.

गेल्या थंडीत मालूताई गेली. झोपेतच. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या मुलानं, अजितनं, दिलरुबा माझ्यासमोर आणून ठेवला. आमच्यात वाजवणारा गेला की वाद्याच्या तारा उतरवतात, म्हणजे ढिल्या करतात – त्याच्यामागे त्याचं वाद्य ताणून ठेवायचं नाही. मीच बसून एकेक खुंटी फिरवली. मुख्य तारा, तरफा, सगळ्या. लोंबत होत्या हो, न विंचरलेल्या केसांसारख्या. मग खोळ घातली, नाडी बांधली. हे मी माझ्या हातानं केलंय, ते नीट लक्षात घ्या. पुढचं त्यावरच आहे.

नंतर अजितच म्हणाला, "मावशी, एकदा बैठक करा ना. आईची खोली फार शांत झालीय." आम्ही जमलो. नेहमीचीच दुपार, खिडक्यांतून ऊन आत आलेलं. अजितच्या बायकोनं, प्राचीनं, दिलरुबा खोळीसकट मालूताईच्या जागेवर ठेवला होता, वर झेंडूचं फूल. तिघांनी दोन गती वाजवल्या. मग शालन म्हणाली, देस घेऊ. घेतला. ती जागा आली आणि मी टेकले. मुद्दाम नाही, तिथे माझा हात टेकतोच.

खर्रर्र!

आम्ही थांबलो, आणि पहिल्यापासून सुरू केलं.

हसू नका. खरंच तसंच झालं. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हे करणारी आता जगात नाही. मुखडा एकदा वाजून झाला तेव्हा शालनचा गज तारेवरच अडकला. माझ्याकडे बघतेय. दारात अजित चहाचा ट्रे घेऊन उभा होता.

"मावशी... ते कुणी केलं?"

"यो कंई हुयो, सुमन बेन?" कैलास भिया.

मी उठले, नाडी सोडली, खोळ काढली. तारा ढिल्याच. मी सोडल्या होत्या तशाच लोंबत होत्या. मी स्वतः त्यावरून नख ओढून पाहिलं – फत् फत्, दुसरा आवाज नाही. ढिल्या तारेतून सूर येतच नाही, हे लहान मूलही सांगेल. आणि आम्ही ऐकला तो चांगला ताणलेल्या, जुळवलेल्या तरफांचा, तिच्याच नखाचा आवाज. मी तो हजारांत ओळखेन.

मग व्हायचं तेच झालं. प्राचीची आई आली, शेजारच्या दोघीतिघी आल्या. दिलरुबा नर्मदेत सोडा म्हणे. कुणी म्हणालं खलघाटला जा, कुणी म्हणालं निसरपुरकडे पाणी खोल आहे, तिकडे. मेलेल्या बाईचा जीव तारांत अडकलाय. प्राचीला मी दोष देत नाही, बिचारी त्याच घरात राहते, वरच्या मजल्यावर एकटी जाईनाशीच झाली होती. पण मी भडकले.

"चाळीस वर्षं ती नख फिरवत होती तेव्हा कौतुक करत होता. आता फिरवलं तर भूत?"

"मावशी, तसं नाही हो," प्राची रडवेली झाली. "पण वाजलं ना ते. तुम्हीच ऐकलंत."

"ऐकलं. म्हणून बुडवायचं? आवाज केला म्हणून? मी नेते धारला."

अजित हळूच म्हणाला, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"तुझ्या आईची? ती होती तेव्हा वाटायची."

तो हसला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच हसला असेल.

देवासहून इंदूर, इंदूरला बस बदलून धार. दिलरुबा सगळी वाट मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, इसे ऊपर रख दो." म्हटलं, "भिया, ये ऊपर जा चुकी है, अब गोद में ही रहेगी." त्याला काही कळलं नाही, पण मला बरं वाटलं.

घरी आमचे चिरंजीव पीथमपुरहून आले, बघतात तर दिवाणावर दिलरुबा. "आई, हे कशाला आणलंस? शेजारी काय म्हणतील?" म्हटलं, शेजाऱ्यांना सांग, आईची मैत्रीण राहायला आलीय.

पण घरात आणून काय उपयोग? बैठक बंदच पडली. शालन फोन उचलेना. उचलला तेव्हा म्हणाली, "सुमन, मी व्हायोलिन पेटीतनं काढलेलंच नाही. हात कापतो. तू एक कर. ती गत एकदा तिच्या पद्धतीनं वाजव. टेकू नकोस. तिचा हट्ट राहिलाय, तो पुरा झाला की ती सुटेल, आपणही सुटू. तू कबूल कर, मी येते."

मला किती लागलं सांगू! आजोबांची गत... ती अशी बदलायची? जिवंतपणी तिनं मला हरवलं नाही आणि आता? दोन दिवस मी धुसफुसत होते. पण शालन आली नाही तर बैठक संपली, आणि बैठक संपली तर धारची गतही गेली आणि देवासचीही. टेकणारीही नाही, पळणारीही नाही. म्हटलं, ये बाई. वाजवते.

आली. कैलास भियाही आले. दुपारच होती. मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, म्हणजे वाऱ्याचं नाव नको. शालनला खोळ उघडून ढिल्या तारा दाखवल्या, पुन्हा नाडी बांधली, तीही शालनच्याच हातानं. माझा मुलगा रजा घेऊन घरी थांबला होता, आईला सांभाळायला म्हणे.

सुरू केलं. ती जागा आली. मी दात आवळले आणि टेकले नाही. सरळ उतरले, अगदी देवासच्या दरबारासारखी.

खर्रर्र!!

आधीपेक्षा मोठ्यानं. रागावल्यासारखं.

आम्ही अर्थातच थांबलो. शालनचा चेहरा असा काही झाला... तिची सगळी युक्ती त्या एका आवाजानं उधळून लावली होती. मालूताईच्याच पद्धतीनं वाजवलं, तरी नख! कैलास भियांनी तंबूरा छातीशी धरला आणि म्हणाले, "सुमन बेन, अब तो मालूबई से तुम ही निपटो."

"पहिल्यापासून घ्या," मी म्हटलं. या वेळी माझ्या जागेवर माझ्यासारखी टेकले. ऐसपैस टेकले.

खर्रर्र!

आणि मग शालन – हीच शालन, हात कापणारी – गज उगारून खोळीकडे बघत ओरडली, "अगं मालूताई, एकदा काय ते ठरव ना! टेकायचं की नाही टेकायचं?"

आधी कैलास भिया हसायला लागले, मग मी, मग शालनही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझा मुलगा भिंतीला टेकून उभा, त्याला हसावं की आम्हाला दवाखान्यात न्यावं ते कळेना.

हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "आता ऐका. नख फिरलं तरी कुणी थांबायचं नाही."

"नाही थांबायचं?" शालन दचकलीच. एवढ्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

"नाही. तिला काय वाजवायचं ते वाजवू दे. आपण आपलं वाजवायचं."

घेतली. मी टेकले, खर्रर्र झालं. हात मागे जायला बघत होते, खेचून पुढे नेले. शालन गज आवळून माझ्यामागून आली, कैलास भियांचा तंबूरा थांबला नाही. जागा पुन्हा आली, पुन्हा खर्रर्र, पुन्हा आम्ही पुढे. आणि गत शेवटपर्यंत गेली. पहिल्यांदा! शेवट इतका सुंदर आहे तिचा, हे मी आजोबांनंतर विसरूनच गेले होते. खोळीची नाडी तशीच बांधलेली. शालननं स्वतः सोडून पाहिली, तारा ढिल्या.

तेव्हापासून बैठक माझ्याकडे, धारला. नख कधी फिरतं, कधी महिनाभर नाही. इंदूरच्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला दाखवलं, तो म्हणाला लाकूड थंडीगरमीनं हलतं. हलत असेल, पण ते पंचमाची वाट बघत बसतं का? मुलगा म्हणाला उंदीर. उंदीर देस ओळखतो? भाचा म्हणतो, तुम्हा सगळ्यांना सवयीनं भास होतो. मग अजितला आणि माझ्या मुलाला कसली सवय? ते तर कधी बैठकीत बसले नव्हते. एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करायला ठेवला, तर त्या दिवशी काहीच झालं नाही, आणि माझंच मन दिवसभर लागेना. आता रेकॉर्ड करत नाही.

तिला काय हवंय, मला ठाऊक नाही. ती आहे का, तेही ठाऊक नाही. टेकलं तरी नख, न टेकलं तरी नख – याचा अर्थ ज्यांना लावायचा त्यांनी लावावा, माझ्याच्यानं लागलेला नाही. परवा प्राचीचा फोन आला. घाबरत घाबरत विचारत होती, "मावशी, अजून वाजतं का हो?" म्हटलं, वाजतं. तर म्हणाली, "पुढची बैठक आमच्याकडे घ्याल? सासूबाईंनाही घेऊन या." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन जरा रडले, ते इथे सांगायला हरकत नाही.

तर येत्या रविवारी आम्ही देवासला जातोय, दिलरुबा मांडीवर घेऊन. कुणाला खरंच काही उलगडा होत असेल तर सांगा, मी ऐकेन. नर्मदेत सोडा म्हणणाऱ्यांनी आधी येऊन जाजमावर बसावं, गत ऐकावी, मग बोलावं. आम्ही देस घेणार आहोत. आणि मी टेकणार आहे.